पोचला का रुपया

दादा, तुझा फोन सध्या माझ्याकडे आहे. वहिनीने दिला. तिला तो घरात नको होता आणि बंदही करवत नव्हता, म्हणून म्हणाली, "तूच ठेव, चार्ज करत जा." मी रोज सकाळी चार्जिंगला लावते. तुझ्या कंपनीच्या बसचा ग्रुप अजून चालू आहे. पावणेसहाची बस दहा मिनिटं उशिरा येईल, असं कालही कोणीतरी टाकलं होतं.

तुझं पैशांचं ॲप उघडत नाही. पिन कोणालाच माहीत नाही. मीच तुला बजावलं होतं, पिन कोणालाही सांगायचा नाही, मलासुद्धा नाही. माझं तेवढं एक तू ऐकलंस. वहिनी कागद घेऊन दोनदा बँकेत जाऊन आली. प्रत्येक वेळी एक कागद कमी पडतो. तिसऱ्यांदा मी रजा काढून तिच्याबरोबर जाणार आहे.

माझ्या फोनमध्ये मात्र तू दिसतोस. ॲपमध्ये 'मिलिंद दादा' दाबलं की आपल्या दोघांचे सगळे व्यवहार एकाखाली एक लागतात. डावीकडे तू पाठवलेले, उजवीकडे मी. उजवी बाजू जवळजवळ रिकामी आहे. तुला जाऊन एकवीस दिवस झाले. मला रडू येत नाही, त्यामुळे लोक माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघतात. मी ही यादी वर वर सरकवत बसते. आज अगदी वरच्या टोकाला पोचले.

तिथे एक रुपया आहे.

तो रविवार मला आठवतो. तोपर्यंत तू दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चाकणहून दोन बस बदलून नारायण पेठेत यायचास आणि पैसे माझ्या हातात द्यायचास. आमच्या कॉट बेसिसच्या खोलीवर पुरुषांना यायला बंदी होती. घरमालकीण काकूंनी जिन्यातच पाटी लावली होती: 'भाडे ऑनलाइन चालेल. कारणे चालणार नाहीत.' ती वाचून तू दर वेळी हसायचास. मग आपण कोपऱ्यावरच्या हॉटेलात जायचो. तू दोन चहा, एक मिसळ सांगायचास आणि मिसळ माझ्याकडे सरकवायचास. मी खाईपर्यंत बघत बसायचास. निघताना पाकीट द्यायचास, "मोजून घे," म्हणायचास. मी मोजत नसे.

मग तुला रविवारचा ओव्हरटाइम मिळायला लागला आणि मी म्हणाले, "दादा, ॲप घे ना. इतक्या लांब कशाला येतोस?" त्याच टेबलावर मी तुझ्या फोनमध्ये ते घालून दिलं. तू समोर बसून मला पहिला रुपया पाठवलास. माझा फोन वाजला.

"पोचला का रुपया?" तू विचारलंस. मी समोर, हातभर अंतरावर.

"पोचला."

तू तुझ्या फोनकडे बघितलंस, माझ्या फोनकडे बघितलंस. "पैसा तर जागचा हललाच नाही," म्हणालास. मी इतकी हसले की शेजारच्या टेबलावरचे आजोबा म्हणाले, "हळू. इथे लोक चहा पितात." त्यानंतर पहिल्या रविवारी तू आला नाहीस. म्हणजे यायची गरज राहिली नाही. असं तेव्हा मला वाटलं.

पण रुपया तू सोडला नाहीस. दर महिन्याला आधी एक रुपया यायचा. मग फोन.

"पोचला का रुपया?"

"पोचला."

"जेवली का? मेसला काय होतं?"

"वांगं."

"परत वांगंच? आईले फोन केला का? कर. तिचा गुडघा दुखून राहिला. ठेव आता, बाकीचे पाठवतो."

मग सहा हजार यायचे. खाली तू एखादा शब्द लिहायचास. पुस्तकं. चप्पल. एकदा 'स्वेटर' लिहिलं होतंस, पुण्यात थंडी पडल्याचं टीव्हीवर बघून. एकदा 'उगाच', तेव्हा पाचशे जास्त होते. तो फोन दोन-तीन मिनिटांचा असायचा. महिन्यातून एवढंच आपण बोलायचो, हे आज यादी बघताना कळतं. तेव्हा मोजलं नव्हतं.

यादीत एका जागी रुपये थांबतात. त्यापुढे नुसते सहा हजार, सहा हजार. तो महिना मला माहीत आहे. मुख्य परीक्षा जवळ आली होती. मी अभ्यासिकेत बसले होते आणि तुझा फोन आला. मी चिडून बाहेर पॅसेजमध्ये आले आणि म्हणाले, "दादा, नंबर तोच आहे, नाव तेच येतं. दर महिन्याला रुपया टाकून काय तपासतोस? एकदम पाठवत जा. फोन कशाला पाहिजे त्याला?"

"बरं," म्हणालास. "तुझा अभ्यास मोडते ना."

पुढच्या महिन्यापासून पैसे एकदम आले. मला बरं वाटलं होतं. खरं तेच सांगते.

सात वर्षं मी स्पर्धा परीक्षा दिल्या. तू कोणालाही विचारलं असतंस तर त्याने सांगितलं असतं की पाचव्या वर्षानंतर बाई थकली आहे. एकदा मुलाखतीपर्यंत गेले. त्या दिवशी तू सुट्टी टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून त्या इमारतीच्या बाहेर उभा होतास. थोडक्यात गेलं. तू म्हणालास, "पुढच्या वेळी." त्यानंतरही पुढच्या वेळीच म्हणत राहिलास. प्रत्येक वेळी मी मान हलवली. माझ्यात पुढची वेळ शिल्लक नाही, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते मला जमलं नाही. तू कारखान्यात प्रेस मशीनवर आठ तास उभा राहून वर ओव्हरटाइम करत होतास. तुझ्यासमोर मी दमले असं कसं म्हणणार होते?

गेल्या जुलैत मी नोकरी धरली आणि कोणालाच सांगितलं नाही. तुला नाही, आईला नाही. पैसे येत राहिले. खाली तू 'फी' लिहायचास, कारण मी टेस्ट सिरीजची फी म्हणून काहीतरी सांगून ठेवलं होतं. मी त्यातला एक पैसा खर्च केला नाही, पण नकोत असंही म्हणाले नाही. दर महिन्याला ठरवायचे, या वेळी फोन करून सांगायचं. तुझा फोन येत नव्हता, मला करवत नव्हता. असे सात महिने गेले.

जानेवारीत एका रविवारी सकाळी मी बेचाळीस हजार एकदम तुला परत पाठवले. खाली बरंच काही लिहिलं होतं. ते पुसलं आणि नुसते पाठवले.

दहा मिनिटांत परत आले. खाली लिहिलं होतंस, 'चुकून आले वाटते.'

मी पुन्हा पाठवले. खाली लिहिलं, 'चुकून नाही. जुलैपासून नोकरी करते.'

यादीत हे तीनच नोंदींत आहे. बाहेरच्या कोणी पाहिलं तर त्याला वाटेल, दोन माणसं काहीतरी दुरुस्त करत होती.

संध्याकाळी तू फोन केलास. मागे टीव्ही चालू होता, मग कोणीतरी बंद केला.

"काय नोकरी?"

"माती तपासायची. लॅब आहे, गुलटेकडीला. मार्केट यार्डात येणारे शेतकरी माती आणून देतात."

"माती."

"हो."

"सात वर्षं पुस्तकं वाचून माती तपासून राहिली तू."

"मी ॲग्रीच केलंय, दादा. हेच शिकले होते."

"आणि हे मले पैशाच्या खाली लिहून सांगते? बहीण आहे का दुकानदार?"

ते मला लागलं. म्हणून मी म्हणाले, "तू तरी दुसरं काय पाठवलंस मला? दर महिन्याला पैसे. तुला अजून परीक्षा द्यायची आहे का, असं एकदा तरी विचारलंस?"

मी वाट बघितली.

"फोन करत होतो ना मी," तू म्हणालास. आवाज अगदी साधा होता. "तूच नको म्हणाली."

मी फोन ठेवला. तू नाही ठेवलास, मी ठेवला. वहिनीने परवा विचारलं, तुमचं शेवटचं बोलणं काय झालं? मी म्हणाले, नोकरीबद्दल.

पुढचे पाच महिने पैसे आले नाहीत, फोनही नाही. जयंतीला तू कुटुंबाच्या ग्रुपवर बाबासाहेबांचा फोटो आणि जय भीम टाकलंस. मीही जय भीम लिहिलं. तुझ्या जय भीमखाली माझं, मध्ये मामाचं. आई हिंगणघाटहून फोन करून विचारायची, "तुम्ही दोघं बोलत नाही का रे बाई?" मी म्हणायचे, बोलतो. तूही तिला हेच सांगत होतास, असं ती आता सांगते.

त्या दिवशी सकाळी अकराला वहिनीचा फोन आला. "यांना दवाखान्यात नेलं. छातीत दुखत होतं, ॲसिडिटी म्हणत होते." मी पोचेपर्यंत झालं होतं सगळं. एक्केचाळीस वर्षांच्या माणसाचं इतक्या लवकर होत नाही, असं मला वाटत होतं. दवाखान्याचे पैसे तुझ्या लाइनवरच्या माणसांनी काउंटरवरचा कोड एकेकाने स्कॅन करून भरले होते. तुझ्या खात्यात पैसे होते, माझे बेचाळीस हजारही त्यातच होते. पण पिन नव्हता.

तुला गावी न्यायला ॲम्ब्युलन्स ठरवली. ड्रायव्हर भला माणूस होता. म्हणाला, "ताई, अर्धे आत्ता द्या, अर्धे पोचल्यावर." त्याने फोन उलटा केला, कोड मागे चिकटवलेला होता. मी स्कॅन केला. ॲपने विचारलं, कशासाठी? ती जागा मी रिकामी ठेवली. हिरवी खूण आली, तो छोटा आनंदी आवाज झाला. ड्रायव्हर म्हणाला, "आले," आणि दार उघडायला गेला. मला फक्त एवढंच वाटलं की पेमेंट अडकलं नाही, बरं झालं.

तिसऱ्या दिवशी दुपारी गावी माझा फोन वाजायला लागला. पैसे येत होते. वहिनीच्या फोनमध्ये ॲप नाही, म्हणून कंपनीतल्या कोणीतरी माझा नंबर त्यांच्या ग्रुपवर टाकला होता. दोनशे. पाचशे. दोन हजार. परत दोनशे. मी एकालाही ओळखत नव्हते. आवाज बंद करावा असं मनात आलं, पण वहिनी शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "कोण आहे? वाच ना."

मी नावं वाचत गेले, ती सांगत गेली. "हा ना? याची दोन बोटं मशीनमध्ये गेली. हे महिनाभर त्याच्या घरी डबा नेऊन देत होते." "ही क्वालिटीमध्ये आहे. हिच्या मुलीच्या ॲडमिशनला हे शाळेत चार चकरा मारून आले." "हा आमच्याकडे यायचा, कॅरम खेळायला. यांना कधी जिंकू नाही दिलं." नावांच्या खाली काही जणांनी लिहिलंही होतं. 'मिलिंदभाऊंसाठी.' 'वहिनींना सांगा आम्ही आहोत.' आई भिंतीला टेकून ऐकत होती. मध्येच म्हणाली, "कॅरम खेळत होता?" तिलाही माहीत नव्हतं.

एवढी वर्षं आपण एकाच जिल्ह्यात राहिलो, दादा. तुझ्याबद्दल इतकं मी त्या एका दुपारी ऐकलं, तेही दोनशे-पाचशेच्या आवाजांमधून. तुझे उपकार मानायचे तर कुठून सुरुवात करावी हे तेव्हाही सुचलं नाही, आताही सुचत नाही. सात वर्षं मला कशाचीही काळजी करू दिली नाहीस. मी त्याला दबाव म्हणत होते. होताही. पण मिसळ सरकवणं आणि स्वेटर लिहिणं हे त्याच माणसाचं होतं, आणि मला दोन्ही एका वेळी हातात धरता येत नव्हतं.

त्या पैशांत एकाच्या खाली लिहिलं होतं, 'मातीवाल्या ताई ना? नंतर फोन करतो. दत्ता.'

मी वहिनीला विचारलं, "दादा माझ्या नोकरीबद्दल काय म्हणायचा?"

वहिनी खोटं बोलत नाही, तुला माहीत आहे. ती म्हणाली, "माझ्यापाशी तर रागच करत होते. नाव काढलं की उठून जात होते."

पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर मी पुण्याला परत आले. काकू जिन्यात भेटल्या. त्यांना कळलं होतं. त्यांनी विचारलं, "तुमच्यात तेरावं असतं का?" मी म्हणाले, नसतं. "बरं," म्हणाल्या. "जेवलात का?" मी नाही म्हणाले, तर त्या आत गेल्या आणि आमटी-भाताचं ताट घेऊन आल्या. मी जिन्यातच बसून जेवले. त्या पूर्ण वेळ उभ्या होत्या.

दत्ताभाऊ मंगळवारी लॅबमध्ये आले. पन्नाशीचा माणूस, हातात कापडी पिशवी, पिशवीत प्लास्टिकमध्ये बांधलेली माती. खेड तालुक्यातले. दारातच चपला काढायला लागले. मी म्हणाले, राहू द्या.

"दोन एकर हाय आमची," ते म्हणाले. "कांदा बसतच नाय नीट. भाऊ म्हणले होते, खताच्या दुकानदाराला विचारू नका, माझ्या बहिणीला विचारा. तिचं शिक्षणच त्यातलं हाय."

"कधी म्हणाला?"

"फेब्रुवारीत असंल. मग सारखंच. जेवणाच्या सुट्टीत कुणी शेताचं काढलं की भाऊ म्हणायचे, माती घेऊन ये, बहिणीकडे जाऊ. मलाच चार वेळा म्हणले. म्हणले, तुझ्या निमित्तानं मलाबी जायला होईल. एकट्यानं गेलो तर ती म्हणेल, तपासायला आला." ते पिशवीची गाठ सोडत होते. गाठ सुटत नव्हती. "मीच आळस केला, ताई. शेत गावाकडं. माती काढायला जाणं जमंना."

मी गाठ सोडून दिली. माती चांगली घेतली होती, पाच-सहा जागची, एकत्र करून. फॉर्म भरला. नाव, गाव, गट नंबर, आधीचं पीक.

"भाऊ आले होते का कधी हितं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

मग मी त्यांना आत नेलं. खरं तर शेतकऱ्यांना आत नेत नाहीत. माती सुकवायचे ट्रे दाखवले, लाकडी मोगरी, चाळण्या, सामू म्हणजे पीएच बघायचं यंत्र, सगळं. प्रत्येक गोष्ट कशासाठी ते सांगितलं. तू असतास तर जिथून सुरुवात केली असती, तिथूनच सुरुवात केली. तू मध्ये काय बोलला असतास, तेवढी जागा सोडत गेले. दत्ताभाऊ हात मागे बांधून ऐकत होते. प्रत्येक वस्तूपाशी "बरं, बरं" म्हणत होते.

शेवटच्या टेबलापाशी ते थांबले. खिडकीशी कोणाकोणाच्या पिशव्या रांगेने ठेवल्या होत्या, प्रत्येकीवर नाव.

"ताई," ते म्हणाले, "तुम्हाला आवडतं का हे काम?"

"हो," मी म्हणाले. "खूप आवडतं."

हे मी पहिल्यांदाच मोठ्याने म्हणाले होते. मी चाळण्यांजवळच्या स्टुलावर मटकन बसले. दत्ताभाऊंनी माझ्याकडे बघितलं. पाणी कुठे आहे ते शोधत ते बाहेर गेले.